बिनआवाजाचा गॅस

“बंद कर ते! केवढा आवाज!”

बंदेनवाजचाचा असे खेकसले की फिशटँकपुढे उकिडवी बसलेली मी दचकून मागेच आपटले.

आवाज? कसला आवाज? मी टाकीच्या काचेला कान लावला. पाण्यात काचेची एवढीशी चकती होती, तिच्यातून धुक्यासारखे बारीक बुडबुडे वर चढत होते, आणि आवाज म्हणाल तर शून्य. सकाळपासून उपाशी होते, माझं पोट त्याहून जास्त गुरगुरत होतं.

“चाचा, अहो काही आवाज नाही की!”

“पोरी, चाळीस वर्षं जवारी काढतोय मी. मुंगी चालली तरी कळते मला. ते बुडबुड बुडबुड चाललंय ना, ते काढ आधी.” त्यांचं बोट बुडबुड्यांवर रोखलेलं.

आता या माणसापुढे काय बोलणार? मिरजेत वाद्यं बनवणाऱ्यांच्या त्या गल्लीत तंबोरे करणारे ढिगाने होते, पण तंबोऱ्याची शेवटची जवारी काढावी ती बंदेनवाज शिकलगारांनीच, असं लांब लांबचे गवई म्हणायचे. तंबोऱ्याच्या तारा ज्या हाडाच्या घोडीवर टेकतात ना, ती घोडी कानशीने घासायची. केसाएवढी. जास्त घासली तर तार भुंग्यासारखी किरकिरते, कमी घासली तर मुकी राहते. नेमकी साधली की मग तार नुसती वाजत नाही, गुंजत राहते. हे सगळं कानाचं काम. म्हणून चाचांच्या खोलीत पंखासुद्धा नव्हता.

आणि त्याच खोलीत त्यांच्या मुलाने, मुनीरने, चार फुटी फिशटँक आणून बसवला होता! दुसरीकडे जागाच नव्हती, आतल्या दोन्ही खोल्या तंबोऱ्यांच्या भोपळ्यांनी आणि लाकडांनी भरलेल्या. मुनीरला पाण्यातल्या झाडांचा भारी नाद. कुठून कुठून लाल पानांची झाडं मागवायचा आणि ती सडली की तोंड पाडून माझ्या दुकानात येऊन बसायचा.

माझं दुकान स्टेशन रोडला. पद्मजा मगदूम, वय पंचवीस, धंदा मासे. जैनाची पोर मासे विकते म्हणून नातेवाईक नाकं मुरडायचे. “खायचे नाहीत हो, बघायचे!” असं मी प्रत्येक लग्नात सांगत फिरायचे.

तर मुनीरच्या झाडांना काय कमी पडत होतं ते मी पहिल्या दिवशीच ओळखलं होतं. पाण्यातल्या झाडांनाही कार्बन डायऑक्साइड लागतो. टाकीच्या पाण्यात तो पुरेसा नसतो, वरून सोडावा लागतो. सगळ्यात शांत तऱ्हा म्हणजे साखर आणि यीस्टची बाटली. बाटलीत गॅस आपोआप तयार होतो, बारीक नळीतून पाण्यात उतरतो, चकतीतून धुकं होऊन पसरतो. मोटर नाही, घरघर नाही. अगदी मनापासून बसवून दिली होती मी. आणि चाचा म्हणतात, केवढा आवाज!

माझं डोकंच फिरलं. धंद्यातलं मला शिकवतात! मी ती बाटली उचलली आणि मुनीरला म्हणाले, “आठ दिवस दे. असं बसवते की तुझ्या अब्बांना बुडबुडा दिसायचासुद्धा नाही.”

दिसायचासुद्धा नाही, हे मी नुसतं रागाने बोलून गेले होते.

आठ दिवसांनी मी सिलिंडर घेऊन गेले. टाकीखालच्या कपाटात सिलिंडर ठेवला, शेजारी एक मोटर आणि जाड नळकांडं. मोटर पाणी खाली ओढते, नळकांड्यात गॅस त्यात मुरतो, आणि मुरलेलं पाणी परत वर जातं. टाकीत एक बुडबुडा दिसत नाही. पण मोटर म्हटलं की आवाज आलाच. घूंऽऽ असा एकसुरी. कपाटाला दार लावलं तरी खोलीभर ऐकू येत होता. मी मनात म्हटलं, झालं, आता म्हातारा आपल्याला गल्लीबाहेर काढणार.

चाचा उठून टाकीपाशी आले. वाकून पाणी न्याहाळलं. स्वच्छ, निवळशंख पाणी.

“वा! आता कसं!” त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. “बघ, मनात आणलं की जमतं का नाही? अगदी चिडीचूप.”

आणि पाठीमागे मोटर घूंऽऽ करतेय.

मला वाटलं, थट्टा करतायत. मी हसले. ते हसले नाहीत. ते आपल्या घोंगडीवर जाऊन बसले आणि कामाला लागले. मी हत्यारं गोळा करायला लागले, तर हातातला लोखंडी पाना सुटला आणि फरशीवर खण्णकन आदळला. बाहेरच्या ओट्यावरचं कुत्रं उठून पळालं. चाचांची मान हलली नाही. पाठमोरे बसून ते संथपणे कानस फिरवत होते.

मी वर पाहिलं. मुनीर दारात उभा होता आणि माझ्याकडे बघत होता. 

गल्लीच्या तोंडापर्यंत तो माझ्यामागून आला.  शेवटी मीच म्हणाले, “मुनीरभाई, कधीपासून?”

“दीड वर्ष झालं. आधी बारीक आवाज गेले. आता काहीच नाही.”

“डॉक्टर?”

“एवढी दवाखान्यांची मिरज, आणि हा माणूस डॉक्टरकडे जाईल तर शपथ! गेलं की गल्लीला कळणार.” तो खाली बघत बोलत होता. “त्यांना वाटतं आम्हाला माहीत नाही. आम्ही पण तसंच दाखवतो. अम्मी त्यांच्यासमोर येऊन बोलते, ओठ दिसतील असं. गिऱ्हाईक आलं की मी मधे उभा राहतो.”

“आणि जवारी? ती काय तू काढतोस?”

“मी?” तो कडवट हसला. “तेच तर आहे. सगळी तेच काढतात. भोपळ्यावर हात ठेवतात, दांडीला हनुवटी टेकवतात आणि डोळे मिटतात. हाडातून कळत असेल, काय माहीत. मी रोज चोरून त्यांचं प्रत्येक वाद्य तपासतो पद्मा. दीड वर्षात मला एकदाही कानस लावावी लागली नाही. एकदाही.”

“मग घाबरतोस कशाला?”

“लोकांना सांगून बघ, बहिरा माणूस जवारी काढतो! कोण आणेल तंबोरा?” मग हळू आवाजात म्हणाला, “काम सुटलं तर अब्बा जगायचे नाहीत. चार दिवस पण नाही. कुणाजवळ बोलू नकोस.”

“नाही बोलणार. पण मुनीरभाई, ती मोटर वाजतेय त्याचं काय? मी परत चकती लावून देते. ती खरंच बिनआवाजाची आहे.”

“चकतीचे बुडबुडे दिसतात त्यांना. दिसलं की वाटतं आवाज असणार, आणि आपल्याला ऐकू आला नाही तर पकडले जाऊ, म्हणून आधीच ओरडतात.” त्याने मान हलवली. “राहू दे ते. त्यांना शांत वाटतंय ना? गिऱ्हाईक आलं की मी मोटर बंद करत जाईन.”

मी बरं म्हटलं. आणि तिथेच माझं चुकलं. मोटर बंद करायच्या आधी सिलिंडरची चावी बंद करायची असते. गॅस आधी, मोटर नंतर. हे मी प्रत्येक गिऱ्हाइकाकडून दहादा घोकून घेते. त्या दिवशी त्या म्हाताऱ्याच्या विचारात मी सायकलवर टांग मारली आणि निघून आले. मुनीरला सांगायचं साफ विसरले.

तिसऱ्या रविवारी सकाळी दहाच्या सुमाराला मी टाकी बघायला गेले. लाल झाडांनी नवे शेंडे धरलेले असणार म्हणून खुशीत होते. दारात चपलांचा एक नवा जोड होता. आत पुण्याच्या शालिनीबाई उकिडव्या बसल्या होत्या. साठीच्या, गाणाऱ्या, नाव असलेल्या. त्यांनी चाचांकडे दोन नवे तंबोरे करायला दिले होते, ते न्यायला आल्या होत्या. मुनीरने डोळ्यानेच मला कोपऱ्यात बसायला सांगितलं. खोलीत अगदी शांत होतं. मोटर बंद होती.

एक तंबोरा झाला होता. दुसरा चाचांच्या मांडीवर होता. डावा हात भोपळ्यावर, हनुवटी दांडीला टेकलेली, डोळे मिटलेले. तार छेडायचे, थांबायचे, कानस एकदा फिरवायचे. घोडीवरून पांढरी पूड काळ्या घोंगडीवर सांडायची. मग परत तार. असं दहा मिनिटं चाललं. मी तोवर जवारी म्हणजे काय ते नुसतं ऐकून होते. त्या दिवशी कळलं. एका क्षणी ती तार अशी काही उघडली की माझ्या अंगावर सरसरून काटा आला.

शालिनीबाईंनी डोळे मिटून ‘सा’ लावला. लावला आणि त्यांना पुढे गाताच येईना. पदराने डोळे पुसत म्हणाल्या, “चाचा, पस्तीस वर्षं गातेय मी. असा षड्ज मला कुणी दिला नव्हता हो. तुमच्या कानाला दंडवत.”

हे त्या चाचांच्या समोर बसून, त्यांच्याकडे बघत बोलल्या. चाचांनी ते ओठांवरून वाचलं असावं. त्यांचा चेहरा लहान पोरासारखा फुलला.

“थांबा बाई, शेवटची खर्जाची तार राहिलीय अजून,” ते म्हणाले, आणि परत हनुवटी टेकवून त्यांनी डोळे मिटले.

तेवढ्यात कपाटात फट्ट झालं.

पुढचं सगळं दोन मिनिटांत झालं असेल, पण मला ते तासभर चालल्यासारखं आठवतं. मोटर बंद, गॅस चालू. सकाळपासून नळकांड्यात गॅस साठत आलेला, त्याने नळी उडवली. आणि उडालेल्या नळीतून पाणी फवारत शिट्टी सुरू झाली. शिट्टी कसली, कुकरच्या दसपट! शालिनीबाई कानावर हात ठेवून ताडकन उठल्या. मुनीर कपाटाकडे धावला, त्याला चावी कुठली ते सापडेना. रस्त्यावरचे दोघं दारात डोकावले.

आणि खोलीच्या मधोमध चाचा डोळे मिटून खर्जाची तार छेडत होते. चेहऱ्यावर तेच हसू.

“ऐका बाई,” ते त्या शिट्टीत म्हणाले, “आता ऐका. कसा स्वच्छ लागतोय.”

मी मुनीरला ढकलून चावी बंद केली. शिट्टी थांबली. चाचा अजून छेडतच होते. मग उत्तर का येत नाही म्हणून त्यांनी डोळे उघडले. बाई उभ्या, कानावर हात. मुनीर भिजलेला. दारात माणसं. मी कपाटात अर्धी शिरलेली. त्यांनी एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं आणि त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग उतरत गेला. पण म्हातारा अजून लढत होता.

“ट्रक असेल,” ते म्हणाले. “रस्त्यावर सारखे वाजवतात.”

 दारातली माणसं हळूच निघून गेली, आणि ती कुठे जाणार ते मला कळत होतं. शालिनीबाई मुनीरकडे वळल्या. हळू विचारलं, “यांना ऐकू येत नाही?”

मुनीरने मान खाली घातली. 

बाई बसल्या. दुष्ट नव्हत्या हो त्या, हे मला सांगितलंच पाहिजे. त्यांनी तोच तंबोरा मांडीवर घेतला आणि छेडला. मला तर तो मघासारखाच वाटला. बाईंच्या कपाळावर मात्र आठी आली. परत छेडला. परत.

“काहीतरी खटकतंय,” त्या म्हणाल्या. “खर्ज जरा किरकिरतोय का? की मला भास होतोय?” मग चाचांची नजर टाळून म्हणाल्या, “मुनीर, तू एकदा कान देशील? तुझं समाधान झालं की माझं झालं.”

मुनीर वडिलांकडे बघेना. त्याने तंबोरा घेतला, खर्ज छेडला, आणि त्याचा हात थांबला. त्याला कळलं होतं. मला त्याच्या तोंडावरूनच कळलं. जवारीत काही म्हणता काही दोष नव्हता. दीड वर्षात नव्हता तसा आजही नव्हता. त्याने ‘बाई, हे बरोबर आहे’ म्हणायला तोंड उघडलं, आणि बाईंचा तो संशयी, अवघडलेला चेहरा बघून मिटलं. दोन तंबोरे होते, नाव होतं, आणि उद्या सगळीकडे बोभाटा होणार होता. त्याने वडिलांच्या हातातली कानस मागितली.

चाचांनी दिली, सवयीने घोंगडीवरची पूड झटकली आणि बाजूला सरकले.

मुनीर वाकला. बाईंच्या बाजूने पाहिलं तर वाटावं, घासतोय. मी दुसऱ्या बाजूला, कपाटापाशी जमिनीवर बसले होते. मला स्वच्छ दिसत होतं. कानस घोडीच्या वर बोटभर अंतरावर फिरत होती. एकदा, दोनदा, तीनदा. घोंगडीवर पूड पडली नाही. त्याने तंबोरा बाईंना परत दिला.

बाईंनी छेडला. डोळे मिटले. चेहरा मोकळा झाला.

“हां! आता कसं!” त्या म्हणाल्या. “शेवटी तरुण कान तो तरुण कान.”

तेव्हा मी बोलायला हवं होतं. एक वाक्य, बस. “बाई, त्याने काही केलंच नाही, हे चाचांचंच काम आहे.” जिभेच्या टोकावर होतं. पण बोलले असते तर मुनीर खोटा ठरला असता. बाईंनी दोन्ही तंबोरे तिथेच टाकले असते. आणि मग त्या माझ्याकडे वळून म्हणाल्या असत्या, ही कोण? ती शिट्टी हिच्या यंत्राची ना? मला भीती वाटली ती माझ्यापुरतीच, दुसरं काही नाही. मी फडकं घेऊन फरशीवर सांडलेलं पाणी पुसत राहिले.

बाई गेल्या. मुनीर त्यांचे तंबोरे गाडीपर्यंत पोचवायला गेला तो तासभर परत आला नाही. आतून अम्मींच्या रडण्याचा आवाज येत होता. तो फक्त मला ऐकू येत होता.

आज या गोष्टीला चौदा वर्षं झाली. त्या दिवसानंतर चाचांनी कानस हातात धरली नाही. चार दिवसांत मेले नाहीत, मुनीरचा अंदाज तेवढा चुकला. तीन वर्षं जगले. ओट्यावर बसून असायचे, मी दिसले की हात वर करायचे. घोंगडीवर मुनीर बसायला लागला, आणि गवई म्हणायला लागले की पोराचा हात बापापेक्षा हलका आहे.

पण त्या दुपारी मी सिलिंडर सोडवत होते तेव्हा चाचा उठून माझ्याजवळ आले आणि भिंतीला टेकून खाली बसले. इतकं जवळ, की त्यांच्या अंगाला लाकडाच्या भुशाचा वास येत होता.

“बाई काय म्हणाल्या शेवटी? मला त्यांचं तोंड दिसलं नाही.”

मी त्यांच्याकडे तोंड करून सांगितलं, “आता बरोबर झालं, म्हणाल्या.”

ते घोंगडीकडे बघत राहिले. मग हाताने घोंगडी चाचपून बघितली, बोटं उजेडात धरली.

“आधीच बरोबर होतं,” ते म्हणाले. “मुनीरने कानस टेकवलीच नाही. पूड पडली नाही. तू तिथेच होतीस, तुला दिसलं असेल.”

“दिसलं चाचा.”

“मग बोलली का नाहीस, पोरी?”

रागावून नाही. खरंच कळत नव्हतं म्हणून विचारल्यासारखं. मी मान खाली घालून काहीतरी पुटपुटले. माझे ओठ त्यांना दिसत नव्हते. त्यांनी थोडा वेळ वाट पाहिली, मग गुडघ्यावर हात टेकून उठले, सिलिंडरची दुसरी बाजू धरली आणि तो मला सायकलपर्यंत उचलू लागले.